सुमनची डावी चप्पल

मुलुंड, रविवार, १५ जानेवारी १९८४

मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, घाटकोपरची ती जुनी फॉरेनची ऑटोमॅटिक गाडीच घ्यायची. क्लचच नाही, म्हणजे सुमनच्या पोलिओ झालेल्या डाव्या पायाला त्रास नाही. बायकोची केवढी काळजी करतो मी! तिने ती चालवून बघितली, "झकास आहे" म्हणाली आणि किल्ली मालकाला परत दिली.

मग भांडुपला जुनी फियाट बघितली, गिअरवाली. सुमनने डावी चप्पल काढली आणि अनवाणी पायाने क्लच दाबला. टेकडीच्या चढावर गाडी दोनदा बंद पडली. मी म्हटलं, "सोड गं, मी घेतो." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या वेळी गाडी चढली. काय चढवली यार! मला जमलं असतं? शंकाच आहे.

वर पोचल्यावर म्हणाली, "त्या घाटकोपरच्या गाडीत माझ्या पायाला कामच नाही रे. लहानपणापासून सगळे त्याला नुसतं बसवूनच ठेवतात."



रिक्षाने घरी आलो. दारात बघतो तर तिचा डावा पाय अनवाणी. चप्पल फियाटमध्येच राहिली होती.

"राहू दे," ती म्हणाली, "गाडी आणायला जायचंच आहे ना."