दोघांचं पॅकेज

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी साडेतीन.

पोहोचले. समुद्र खिडकीतून दिसतो असं पॅकेजमध्ये लिहिलं होतं. दिसतो. कमरेपर्यंत बाहेर वाकून मान डावीकडे वळवली की दिसतो. मान दुखली.

ही वही निसर्गाच्या नोंदींसाठी आणली आहे. दुसरं काही लिहायचं नाही. हे गेल्याला चौदा महिने झाले. त्याबद्दल जे वाटायचं होतं ते वाटून झालं आहे. मी उघड्या हवेसाठी आले आहे.

संकल्प: रोज पहाटे पाच किलोमीटर चालणं. पोहायला शिकणं. होडी वल्हवत पक्ष्यांच्या बेटावर जाणं. कोणापुढे रडगाणं गायचं नाही.

बेट पुस्तकात आहे. अकरा वर्षांपूर्वी ते पुस्तक आमच्या दुकानात बाइंडिंगला आलं. गिऱ्हाईक "येऊन घेऊन जाईन" म्हणालं आणि गेलं ते गेलंच. पुस्तक टाकून जाणारी माणसं मला कधी कळली नाहीत. ह्यांनी पान एकशे बारावर शिलाईचा दोरा घातला आणि म्हणाले, इथे जायचं. मग दर वर्षी काही ना काही निघालं. कधी कचेरीच्या फायली, कधी ह्यांची कंबर. आता मी ते काम उरकणार. राहिलेलं काम उरकायचं, एवढंच. यात भावनेचा काही प्रश्न नाही.

संध्याकाळी सहा.

दुपारची एक गोष्ट लिहायची राहिली. पॅकेज दोघांचं घेतलं. मुलगी म्हणाली, एकटीचंही मिळतं, आई. मी म्हटलं, दोघांचंच बरं पडतं. आल्या आल्या रजिस्टर भरलं. दोन माणसं म्हणजे दोन ओळी. चौदा महिन्यांत बँक, वीज, दुकानाचं लायसन्स, इतके फॉर्म भरलेत की हात आपोआप चालतो. मालकीणबाईंनी वही स्वतःकडे फिरवली, वाचली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते मागून येताहेत. बुधवारी. कामात अडकलेत."

त्या म्हणाल्या, "बरं ताई."

हे खोटं नव्हे. रिकाम्या चौकशा टाळायचा उपाय आहे. उद्या सांगून टाकीन.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी नऊ.

पाच किलोमीटर चालले. मुलीने मोबाइलमध्ये पावलं मोजायचं काहीतरी घालून दिलंय, त्यात आठशे मीटर आले. वाळूतलं चालणं त्याला कळत नसावं.

चहाला एकच कप आला. पॅकेज दोघांचं आहे, कप दोन हवेत. सांगितलं. मालकीणबाईंनी दुसरा कप आणून ठेवला आणि दोन्हीत चहा ओतला. दोन्ही मीच प्यायले. आता पोटात जळजळ.

ह्यांची टोपी घालून गेले होते. टोपी कोणाची का असेना, ऊन तेच.

दुपारी दोन.

होडीवाला म्हणजे मालकीणबाईंचा दीर. किनाऱ्यावर पत्र्याची शेड, पुढे प्लास्टिकच्या लांब होड्या, शेडवर बोर्ड. बोर्डाची पहिलीच ओळ: दोन माणसांशिवाय होडी सोडली जाणार नाही. खाली बरंच काही लिहिलं होतं, पण मुद्दा कळल्यावर उरलेलं वाचायची मला सवय नाही. बाइंडरच्या बायकोला अर्धंच वाचायला मिळतं. शिवायला आलेलं पुस्तक गिऱ्हाईक येईपर्यंतच आपलं. त्यामुळे मला पुष्कळ विषयांतलं निम्मं येतं, आणि तेवढं पुरतं असा अनुभव आहे.

त्याला विचारलं, बेटावर किती वेळ लागतो? तो म्हणाला, "पाऊण तास, मावशी. पण दुसरं माणूस लागतं. म्हणजे असं की..."

मी म्हटलं, बोर्ड वाचता येतो मला. दुसरं माणूस उद्या येतंय.

डोकं खाजवत म्हणाला, "मग उद्या."

एक दिवस फुकट. नियम म्हणजे नियम, पण पाहुण्याची काही किंमत?

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी अकरा.

पोहणं. पोहण्याचं पुस्तक मी एकदा निम्मं वाचलं होतं, श्वास घेण्याच्या प्रकरणापर्यंत. श्वास सोडण्याचं प्रकरण यायच्या आधी गिऱ्हाईक आलं. गुडघाभर पाण्यात उभी राहून श्वास घेतला. लाट आली. नाकातोंडात पाणी. एका कुटुंबाने मला धरून बाहेर काढलं, गरज नसताना. त्यांच्यातली आजी माझ्यापेक्षा तरुण होती.

टोपी वाहून चालली होती. ती मात्र मी स्वतः पकडली. छातीभर पाण्यात जाऊन. म्हणजे मला पोहता येतं, फक्त कारण लागतं.

रात्री आठ.

जेवताना मालकीणबाईंनी विचारलं नाही, की साहेब आले नाहीत का. बुधवार सांगितला होता, बुधवार संपला, साधी चौकशी नाही. कसली माणसं! शेवटी मीच सांगितलं, की ह्यांचं काम लांबलंय, शुक्रवारी दुपारच्या बसने येतील. त्या म्हणाल्या, "बरं ताई. भात वाढू?"

हे सांगायची गरज नव्हती हे मला कळतं. पण एकदा बुधवार सांगितल्यावर त्याचं काहीतरी करणं भाग होतं.

दुसऱ्या पलंगावर बॅग, टॉवेल आणि पुस्तक ठेवलंय. रिकामा ठेवला तर पैसे वाया.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी बारा.

पक्षीनिरीक्षण. पहाटेपासून खडकावर. पान एकशे बारावरच्या पांढऱ्या पक्ष्यासारखा एक दिसला, मान आत घेऊन अगदी निश्चल बसलेला. पाऊण तास त्याची नोंद केली. मग वारा आला आणि तो उलटा झाला. पिशवी होती.

पुस्तक जुनं आहे. पुस्तकात जिथे "निर्जन किनारा" आहे तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. एक घ्यायला लागलं, भिजल्यामुळे.

रात्री नऊ.

संध्याकाळी होडीवाला ओट्यावर जाळीची दोरी सांधत बसला होता. सहज म्हणाला, "साहेबांना पक्ष्यांची आवड दिसते."

मी थोडक्यात माहिती दिली. आवड कसली, दुकानाच्या मागच्या भिंतीवर चिमण्या यायच्या, तेवढेच पक्षी. पण पुस्तक शिवताना चित्राच्या पानाला ह्यांचा हात हलका व्हायचा. खळ स्वतः शिजवतात, विकतची चालत नाही. बोटाला लागलेली खळ वाळली की सोलत बसतात आणि ती माझ्या चहाच्या बशीत ठेवतात. चाळीस वर्षं सांगतेय, बशीत ठेवू नका. ऐकत नाहीत. झोपताना अंगठा दुमडून झोपतात, सुई टोचू नये म्हणून, झोपेतसुद्धा. अमुक खातात, तमुक खात नाहीत.

होडीवाल्याने दोरी बाजूला ठेवली होती. आत मालकीणबाई एकच पातेलं घासत होत्या. केव्हाचं घासत होत्या.

खोलीत आले तेव्हा घड्याळ बघितलं. दीड तास बोलले. संकल्प मोडलेला नाही. रडगाणं वेगळं आणि माहिती वेगळी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी आठ.

समुद्र काचेसारखा. बेट इतकं जवळ दिसतंय की हात लांब केला तर लागेल. होडीवाला स्वतः दारात आला. म्हणाला, "मावशी, आज निघा. उद्यापासून वारा धरणार आहे. नाहीतर असं करू..."

मी म्हटलं, असं नाही नि तसं नाही. बाराची बस आहे, ते येतील, मग दोघं जाऊ.

तो म्हणाला, "दुपारनंतर पाणी असं राहायचं नाही, मावशी."

मी म्हटलं, राहील.

आता बाराची बस म्हटल्यावर स्टँडवर जाणं आलंच. न जाऊन कसं चालेल? लोक काय म्हणतील?

दुपारी दीड.

गेले. बाकड्यावर बसले. बस पंचवीस मिनिटं उशिरा. एक बाई उतरली, एक पोस्टमन उतरला, आणि एक माणूस पाठमोरा उतरला, एक हात दांडीला, पाय चाचपत. कंबर दुखणारी माणसं तशीच उतरतात. मी उभी राहिले. का राहिले माहीत नाही. पाय अवघडले होते. त्याने तोंड वळवलं. कोणीतरी होता.

कंडक्टरने विचारलं, "कोणी यायचं होतं का?" मी म्हटलं, नाही, वेळ बघायला आले होते.

येताना समुद्र बघितला. पांढरा फेस. होड्या वर ओढून ठेवल्या होत्या.

मुलीचा फोन आला. मजा येतेय ना, आई? म्हटलं, खूप. प्रश्नच नाही. आवाज असा का येतोय? म्हटलं, वारा आहे.

खरोखर वारा आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी साडेदहा.

रात्री ठरवलं. आज खरं सांगायचं, बेटावर जायचं, आणि अकराची बस पकडायची. सात वाजता टोपी घालून शेडवर हजर. किनाऱ्यावर लाल झेंडा. होडीवाला उलट्या होडीवर बसला होता.

मी एका दमात सांगितलं. ते येणार नाहीत. ते गेले, गेल्या वर्षी. होडीला दुसरं माणूस माझ्याकडे नाही. काही सवलत देता येत असेल तर बघा.

तो उठला. म्हणाला, "ठाऊक आहे, मावशी." मग बोर्डाकडे बोट केलं. दुसरी ओळ: एकट्या पाहुण्यासोबत आमचा माणूस मागे बसेल.

मी म्हटलं, हे मंगळवारी का नाही सांगितलं? तो म्हणाला, दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा तुम्ही मिटवलंत. आणि वहिनीने बजावलं होतं, बाई स्वतः सांगतील तेव्हाच.

लाल झेंडा कधी उतरेल? तीन दिवस तरी नाही.

मला संताप आला. नक्की कोणाचा, ते बघायला वेळ नव्हता. बस गाठायची होती.

निघताना रजिस्टर पुढे आलं. "निघाल्याची वेळ" असा रकाना असतो. माझी ओळ सापडली. त्याखाली ह्यांची, माझ्याच अक्षरात, सुवाच्य: कै. आणि पुढे पूर्ण नाव. बँकेत लिहिते तसं. सोमवारी दुपारी मी स्वतःच लिहून दिलं होतं, आणि त्याच तोंडाने म्हटलं होतं, मागून येताहेत.

मालकीणबाई कपाटातल्या चादरी मोजत होत्या. आधीच मोजलेल्या होत्या. मी विचारलं, मग दुसरा कप का देत होता रोज? त्या वळल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही मागत होता ना, ताई."

माझ्यापुढे लिहिलं, दहा वाजून पाच. ह्यांच्यापुढे रेघ मारली. पट्टी नव्हती, तरी सरळ आली.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी चार. घरी.

एकंदर सहल यशस्वी. चालणं झालं. पाण्यात उतरून झालं. बेट लांबून नीट पाहिलं, जवळून काही वेगळं दिसलं असतं असं नाही.

बॅग सोडली. टोपी आहे, टॉवेल आहे. पुस्तक नाही.

तेवढ्यात मालकीणबाईंचाच फोन. म्हणाल्या, "ताई, साहेबांच्या पलंगावर पुस्तक राहिलंय. आत दोरा आहे, तो मी तसाच ठेवलाय. कुरिअर करू?"

मी म्हटलं, नको. झेंडा उतरला की कळवा.

"बुकिंग किती जणांचं धरू?"

म्हटलं, एक.

हे फोनवर म्हणायला वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, तोवर पुस्तक आम्ही वाचलं तर चालेल ना? म्हटलं, वाचा. अर्ध्यावर ठेवू नका. पुस्तक मी येऊन घेऊन जाईन.

फोन ठेवला आणि गार पडले. हे वाक्य मी दुकानात चाळीस वर्षं ऐकलं. असं म्हणून परत आलेलं एकही गिऱ्हाईक मला आठवत नाही.