बेबीताईंचा दोर आणि अमरावतीचा समुद्रकिनारा

३ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
अत्यंत खेदाने नोंद करावी लागते की अमरावतीतल्या सागरी शिक्षणाला पहिला विरोध शेजारच्या बेबीताईंच्या गोधड्यांनी केला. सामाईक गच्चीवर त्यांचा कपडे वाळवायचा दोर आडवा आणि ऐन क्लासच्या वेळी त्यावर ओल्या गोधड्या. वारा कुठून येतो ते शिकवायचं, तर वाराच अडलेला. मानवजातीची प्रगती अशीच कुठेकुठे अडते.

क्लासचा विषय : शिडाची होडी किनाऱ्याकिनाऱ्याने कशी न्यावी. माझी पात्रता : आयुष्यभर शिकवलेला भूगोल, शिवाय अलिबागजवळ केलेला तीन दिवसांचा कोर्स. दोन दिवस उलट्या झाल्या, पण सर्टिफिकेट पूर्ण मिळालं.

प्रवेश : दोन. वलगावकडे भाजीचा मळा असलेले खुशालराव. आणि बँकेतल्या वर्षाली, ज्यांना वाटतं याने वजन कमी होतं. मी गैरसमज दूर केला नाही.

१० नोव्हेंबर
बायको कौशल्या म्हणाली, इपुल दोन जानेवारीले चालला. कोन्या परदेशातल्या मानसाची बोट पोचवाले. कधी वापस येते, त्यालेच माहीत नाही.

विपुल आमचा मुलगा. मालवणला शिडाच्या होड्यांवर असतो. मी शब्द टाकून मिळवून दिलेली नांदगाव पेठेतली कापड कारखान्याची नोकरी सोडून गेला, तेव्हापासून आम्ही बोलत नाही. म्हणजे मी बोलत नाही. तो बोलत असेल तर मला ऐकू येत नाही.

क्लासचा आणि याचा काहीही संबंध नाही.

डिसेंबरअखेर बॅचची प्रॅक्टिकल टूर ठरवली. मालवण. समुद्र तिथे बरा आहे असं ऐकतो.

१७ नोव्हेंबर
आजचा धडा : नांगर. होडी एका जागी थांबवायला दोराला बांधून पाण्यात सोडतात तो. खुशालरावांनी विचारलं, सर, इहिरीत बादली सोडाले लागते तेवढाच दोर न? खोलीपेक्षा हातभर जास्त? म्हटलं, अगदी बरोबर. कोर्सच्या पुस्तकात त्याच्या कितीतरी पट दोर सोडायला सांगितलंय. दोर विकणाऱ्यांनीच लिहिलेलं असणार. फळ्यावर लिहून दिलं : दोर ताणलेला, तर होडी ताब्यात.

नांगर म्हणून खुशालराव त्यांच्या विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ देणार आहेत.

१ डिसेंबर
दोर बेबीताईंकडून मागून घेतला. एका दगडात दोन पक्षी : नांगराला दोर, गच्चीला वारा. त्या म्हणाल्या, न्या सर, पन आनजा बरं वापस. नाही तं माह्ये कपडे तुमच्या समुद्रात वाळू घालू का?

८ डिसेंबर. संध्याकाळी, केस वाळल्यावर.
धरणावर प्रॅक्टिकल. मासेमारांची होडी, ताडपत्रीचं शीड. वर्षालींना व्हिडिओ काढायला सांगितला. विपुलला पाठवायचा नव्हता. कौशल्याच्या फोनवर ठेवायचा, पुढे तिची मर्जी.

गळ सोडला. तळाला टेकला, वर हातभर दोर. सरळ, ताठ, देखणा. मी दोन मिनिटं बोललो.

मग वारा आला. होडी निघाली. गळ पाळीव कुत्र्यासारखा मागे. पुढे तो पाण्यात बुडालेल्या बाभळीत अडकला आणि होडी कलली. वर्षालींनी मोबाइल सोडून बाकी सगळं सोडलं. खुशालरावांनी विळ्याने दोर कापला. गळ गेला, दोर गेला.

काठावर बनियन पिळत खुशालराव म्हणाले, सर, इहीर जागची हालत नाही. ह्या गोष्टीचा आपन इचारच नाही केला.

एकूण अनुभव उत्साहवर्धक.

१५ डिसेंबर
खुशालरावांच्या वांग्यावर अळी. वर्षालींच्या बँकेत ऑडिट. दोघांनाही मालवणला येणं जमणार नाही. टूर पुढे ढकलली.

दोर गेल्यापासून बेबीताई कपडे कठड्यावर वाळत घालतात. जिन्यात दिसल्या की मी मोबाइलवर बोलतो, कोणाशीही नाही.

२३ डिसेंबर
कौशल्या म्हणाली, बॅच गेली चुलीत. तुमी चाला न. पोराले पाहून येऊ.

तिला समजावलं, हे तत्त्वात बसत नाही. विद्यार्थी बरोबर असले तर मी शिक्षक. नसले तर किनाऱ्यावर उभा असलेला नुसता बाप वाटेन.

तिने विचारलं, मंग कोन आहा तुमी?

२७ डिसेंबर
तिला मालवणकडे जाणाऱ्या गाडीत बसवून आलो. पिशवीत लाडवांचा डबा. गाडी हलेपर्यंत म्हणत होती, अजून बी चढा. म्हटलं, रविवारी क्लास आहे.

२९ डिसेंबर, रविवार
क्लास झाला. उपस्थिती : मी. वारा उत्तम होता.

२ जानेवारी
सकाळी सहज गच्चीवर गेलो. वारा ईशान्येचा. मालवणहून निघणाऱ्याला चांगला. कोणालाही.

५ जानेवारी
कौशल्या परतली. विपुलने धरणाचा व्हिडिओ पाहिला. आधी हसला, मग पुन्हा लावून पाहिला. होडीत माझ्या मापाचं लाइफ जॅकेट काढून ठेवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी परत खुंटीला लावलं.

जाताना तिला म्हणाला, आई, बाबाले सांगजो, पान्याच्या खोलीच्या पाचपट दोर सोडा लागते. तळाले ढिला पडून राहू द्याचा. तानून धरला का नांगर सुटते.

मी म्हटलं, टेक्निकली बरोबर आहे.

ती आत गेल्यावर फळा पुसला.

६ जानेवारी
बाजारातून नायलॉनचा दोर आणला. बेबीताईंकडे नेऊन दिला, मोबाइल खिशात ठेवून. त्या म्हणाल्या, सर, एवढा लांब? माहा तं याच्या अर्धा बी नव्हता.

म्हटलं, राहू द्या. बांधताना जास्त ताणू नका.