लायकाच्या नावाचा उपास

गिरगाव, ता. १६ नोव्हेंबर १९५७

ती. सौ. उर्मिलाताईस, धाकट्या कमळूचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्वजण खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुलासा पुढे येईलच. भाऊबीजेला भावजी पानावरून उठले आणि अर्धी करंजी टाकून तूही त्यांच्यामागोमाग नागपूरची गाडी धरलीस, त्यानंतर तुझं कार्ड नाही. भावजींचा राग अजून उतरलेला नसावा. (गिरगावात, माझ्याच पाटावर बसून, गुजरातसकटचं द्वैभाषिक राज्य चांगलं असं ज्याला म्हणवतं, त्याच्या धैर्याचं मला कौतुकच आहे. असो.)

खरी बातमी आईची. तू गेल्यापासून तिला पित्ताचा त्रास, रात्री नुसतं ताक घ्यायची. त्यात रशियाने भर घातली. घरातलं कोणी गावाला गेलं की पोचल्याचं पत्र येईपर्यंत रात्री जेवायचं नाही, हा तिचा नेम तुला ठाऊकच आहे. समोरच्या बाबुरावांनी (चाळीचं वर्तमानपत्र तेच मोठ्याने वाचतात) रशियाने लायका नावाची कुत्री आभाळात धाडल्याचं वाचलं मात्र, आई म्हणाली, “मुकं जनावर एवढं लांब गेलंय. ते पोचल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.” मी म्हटलं, अगं, ती कुठे पोचायची नाही, पृथ्वीभोवती फिरतच राहणार. “मग मीही थांबते,” म्हणाली.

पुढे पेपरात आलं की ती बिचारी वरच मेली. ही बातमी आईपासून लपवायला सगळा मजला कामाला लागला. बाबुराव नुसते बाजारभाव वाचू लागले, तेही इतक्या रडक्या आवाजात की लोक कोण गेलं म्हणून विचारायला यायचे. आई मात्र वाळत चालली. तुझ्या भावजयीने, यशोदाने, तिच्यासाठी रव्याचे लाडू केले. ते मी खाल्ले. शेवटी लालबागला गिरणीत असलेला आपला जुना शेजारी दगडू, “कुत्र्यांचा काय दुष्काळ पडलाय काय?” म्हणत एक कुत्रं घेऊन आला. त्याला आम्ही न्हाऊ घातलं (ते मला चावलं), गळ्यात झेंडूची माळ घातली आणि रशियाहून परस्पर इकडेच आलं म्हणून आईपुढे उभं केलं.

आईने त्याला नीट न्याहाळलं. “कमळू, लायका बाई होती ना रे?” एवढंच म्हणाली. घाईत हे कोणी पाहिलंच नव्हतं! तरी तिने त्याला ओवाळलं, दूधपोळी घातली आणि स्वतः रात्री पुन्हा उपाशी झोपली. कुत्रं घरी आलं तरी आई जेवेना, याचा अर्थच मला लागत नाही. ताई, खरं सांगू? मला आता भीती वाटते.

भावजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
कमलाकांत

ता. क. आई तुझं ऐकते. दोन ओळी लिहून तिला जेवायला सांग. आणि भावजींना कळव, द्वैभाषिकाबद्दल जे बोललो त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. चढवलेला आवाज तेवढा मागे घेतो.

दुसरा ता. क. उर्मिले, कमळू डिंक आणायला गेलाय तोवर मी लिहिते. बाबुराव बाजारभाव वाचायला लागले तेव्हाच कुत्री गेल्याचं मला कळलं. तुझं नाव घेऊन उपास धरला असता तर हा पुन्हा जावयांवर चिडला असता, म्हणून त्या बिचारीच्या नावावर घातला. तू नीट पोचलीस का, एवढंच कळव. साधं कार्ड चालेल. भूक लागली आहे गं.