उन्हाची काठी

७ जाने.
वाळू आली, एकदाची! विश्वासने, माझ्या मावसभावाने, गोरव्याहून टेम्पोत घालून स्वतः आणली. तिथे लोखंड ओतायच्या फाउंड्रीत सुपरवायझर आहे तो. चौदा पोती. "ताई, हात घालून बघ, मैदा आहे मैदा." खरंच. नदीची वाळू मुलांच्या गुडघ्यांना बोचते, ही बोटांतून पाण्यासारखी सांडते.
वाळूचा हौद खोलीतच केला, पंख्याखाली. बाहेर आमच्या हरणी भागातलं ऊन आणि सोसायटीची कुत्री. सविताबेन, आमच्या बालघराच्या मदतनीस, मूठभर घेऊन वास घेत राहिल्या. "आ रेती क्यांथी आवी, बेन?" म्हटलं, कुठून म्हणजे? स्वर्गातून.

९ जाने.
अठरा मुलं, सगळी हौदात. रेवा (साडेतीन वर्षांची, एरवी आईचा पदर सोडत नाही) गळ्यापर्यंत पुरून घेऊन बसली.
आणि आज काठी दिसली! पूर्वेच्या खिडकीच्या फळीत मुद्दाम फट पाडून घेतली होती. उन्हाचा झोत आत यावा, मुलांनी तो धरायला धावावं. डिसेंबरात जमिनीवर नुसता ठिपका पडायचा, झोत म्हणून काही दिसेना. सुताराला काय काय बोलले. आज दहाच्या सुमाराला पांढरीशुभ्र तिरपी काठी, हात लावावा इतकी ठोस. मुलं वेडी झाली. रेवा तोंड उघडून काठी खायला निघाली.
सुताराला उगाच बोलले.

१२ जाने.
इथल्या मराठी मंडळात भाषण. विषय माझाच, "मळलेले हात". पाऊण तास, कागद न घेता. स्वच्छतेच्या नावाखाली आपण मुलांचे हात बांधतो, धूळ हा बालपणाचा हक्क आहे वगैरे. टाळ्या थांबेनात. प्रश्नोत्तरांत रेवाची आई उभी राहिली. "ताई, ती चार दिवस खोकतेय. वाळूमुळे तर नसेल?" म्हटलं, "बाई, तुमची आजी शेणाने सारवायची, ती नव्वद वर्षं जगली. तुम्ही फिनेलने पुसता आणि डॉक्टरकडे रांग लावता!" हॉलभर हशा.
छान झालं भाषण.

१९ जाने.
सहा मुलं खोकतात. उत्तरायणात, संक्रांतीला, पोरं दोन दिवस पतंग घेऊन धाब्यावर, त्याचंच.
स.बेन खोलीत पदर नाकावर बांधून वावरतात. दिवसातून तीनदा लादी पुसतात. सोडायला लावला पदर. "मुलं बघतात. भीती अशीच शिकतात."
सोडला. मग पुन्हा लादी पुसायला बसल्या.

२२ जाने.
स.बेन आज बोलल्या. मुलं गेल्यावर, हौदाच्या काठावर बसून.
"बेन, हा वास माझ्या घरातला आहे. मिस्टर गोरव्याला भट्टीवर होते, सतरा वर्षं. त्यांचे कपडे मी वेगळे धुवायची. बाकीच्या कपड्यांना हा वास लागायचा."
कशाने गेले, विचारलं.
"खोकून खोकून. छेल्ले छेल्ले, शेवटी शेवटी तर बसूनच झोपायचे."
मग आधी का नाही सांगितलंत?
"विचारलं ना, कुठून आली. तुम्ही म्हणालात, स्वर्गातून."

२३ जाने.
विश्वासला फोन.
— वाळू नवी होती ना?
— नवी कुठून? साच्यातली आहे, वापरलेली. पण चाळून दिली ना तुला.
— चाळून म्हणजे?
— अगं, तूच म्हणालीस, बोचायला नको. जाड सगळी काढून टाकली. खाली पडलेली एकदम मऊ तेवढी तुझ्यासाठी ठेवली. माणसं म्हणत होती, विश्वासभाई, पावडर कशाला नेता?
— माणसं तिथे तोंडाला काय बांधतात?
— मास्क असतो. ताई, लहान मुलं थोडीच दिवसभर असतात?
वाळू कशी हवी हे मीच सांगितलं होतं. ती कुठून आली हे विचारायचं राहिलं.

२४ जाने.
बालघर बंद. पाटीवर "रंगकाम" लिहिलं. आयुष्यात खोटी पाटी कधी लावली नव्हती.
दहाला एकटीच आत गेले. पंखा लावला. काठी. मूल एकही नाही, हौदावर ताडपत्री, आणि काठी तशीच. आत बारीक धूळ अखंड फिरत होती, चकचकत. डिसेंबरात सुतार बरोबर होता. तेव्हा हवेत धरण्यासारखं काही नव्हतं.
मी मुलांना हे धरायला लावलं. खायला.

२५ जाने.
ओळखीच्या डॉक्टरांना भेटले. "पंधरा दिवसांत बहुधा काही व्हायचं नाही. पण वाळूत काय काय मिसळलं होतं ते कळल्याशिवाय मी तसं लिहून देणार नाही." बहुधा. नमुना तपासायला दिला. वेळ लागेल म्हणाले.

२७ जाने.
उद्या पालकसभा. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. "बेन, रिपोर्ट आल्यावर बोलूया ने. आत्ता कशाला गभरावायचं सगळ्यांना? तुम्ही सरस बोलता, कंईक बीजुं बोला." दुसरा विषय घ्या, पाटी तशीच ठेवा म्हणाले.
संध्याकाळी रेवाच्या आईचा फोन. आवाजात राग नाही, तेच अवघड. "ताई, उद्या तुम्ही बोलणार ना? मी पुढेच बसते. रेवाला घेऊन येते, रात्रभर झोपत नाही, एकटी कुठे ठेवू?" हो म्हटलं. काय बोलायला हो म्हटलं ते तिला कळलं नाही.

२८ जाने.
सकाळी पाटी काढली. स.बेन न सांगता आल्या होत्या. दोघींनी ओल्या फडक्याने चौथ्यांदा सगळं पुसलं, भिंती, पंख्याची पाती, फळ्या. हौदातली वाळू पोत्यांत भरून काल गेली. सभा अकराला, बाहेरच्या आवारात.
पहिलं वाक्य म्हणून पाहिलं. "मी" पाशी थांबले. पुन्हा म्हटलं. पुन्हा तिथेच. स.बेन फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "बेन, बोला तुम्ही, मी ऐकते."
दहा वाजले. न राहवून खिडकीची फटीची फळी जागेवर सरकवली.
काठी आहे. थोडी फिकट. पण आहे.
फाटक वाजलं. सभेला अजून तासभर आहे. बाहेर कोणीतरी खोकतंय, लहान.