अडवून धरू नका

११ जानेवारी, गुरुवार

बसच्या पाठीवर माझं तोंड!

पाठ भरून. डोळे गच्च मिटलेले, दात आवळलेले, मानेच्या शिरा ताठ, दोन्ही मुठी छातीशी. खाली वीतभर अक्षरांत – ‘अडवून धरू नका!’ आणि कोपऱ्यात पोट साफ करायच्या चूर्णाचा डबा.

मी स्कूटरवर, सिग्नलला. सिग्नल सुटला, बस गेली, मागचे लोक भोंगे वाजवून थकले, मी तिथेच.

तो चेहरा मला पाठ आहे. सतरा वर्षांपूर्वीचा. अठरा वर्षांखालच्या मुलींचा अंतिम सामना, शेवटची पेनल्टी, चेंडू माझ्या बोटांना चाटून आत गेला तो क्षण. त्यानंतर तीन दिवस मी कुणाशी बोलले नव्हते. आणि या लोकांना त्यात काय दिसलं? बद्धकोष्ठ!

नवरा आधी हसला. मग माझ्याकडे बघून थांबला. शहाणा आहे.

१२ जानेवारी, शुक्रवार

माझ्याआधी माझं तोंड शाळेत पोचलेलं. शिट्टी वाजवली, नववीच्या मुली रांगेत उभ्या राहिल्या, सगळ्यांनी ओठ दाबून धरलेले. शेवटी एकीचं फुटलंच – “मॅडम, अडवून धरवत नाही!”

सगळ्यांना मैदानाला सहा फेऱ्या. पाचवीला वाटलं, पोरींची काय चूक? तरी सहावी घेतलीच.

गणिताचे सर म्हणाले, “प्रसिद्धी ती प्रसिद्धीच हो.” मी म्हटलं, मग तुमचं तोंड देता का? चहा तसाच ठेवून उठले.

१५ जानेवारी, सोमवार

ताईंकडे गेले. ताई म्हणजे माझी थोरली नणंद, वकील. एरवी आमचा छत्तीसचा आकडा – लग्नाला नऊ वर्षं झाली, माझ्या हातचा चहा त्यांना कधी गोड लागला नाही. पण आज फोटो बघितला आणि चष्मा काढून टेबलावर आपटला.

“तुला विचारलं होतं?”

नाही.

“एक फोन? एक ओळ?”

नाही.

“बस्स. सोलून काढते एकेकाला.”

आयुष्यात पहिल्यांदा नणंद आवडली.

२७ जानेवारी, शनिवार

ताईंनी धाडलेल्या नोटिशीला उत्तर आलं. चार पानं. सार इतकंच – फोटो आम्ही फोटो विकणाऱ्या संस्थेकडून रीतसर घेतला, संस्थेकडे खेळाडूचं संमतिपत्र आहे, बाईंनी उगाच आकांडतांडव करू नये. उगाच!

सोबत संमतिपत्राची प्रत. खाली सही. माझीच!

गोल गोल, शाळकरी, खाली दोन टिंबं. तेव्हा ती टिंबं फार ऐटदार वाटायची.

मग आठवलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ट्रॅकसूट वाटले होते. लांबलचक टेबल, रांग, संघटनेचा माणूस मान वर न करता – “माप सांग. इथे सही. पुढची.” ट्रॅकसूट मिळाल्याची सही असेल म्हणून सगळ्यांनी केली. आज वाचलं मी तो मजकूर. छायाचित्रं कायमची, जगभर, कोणत्याही कारणासाठी. कोणत्याही! आणि स्पर्धा संपल्यावर ट्रॅकसूटही मोजून परत घेतले होते. चोर लेकाचे!

२८ जानेवारी, रविवार

मी तोंड पाडून प्रत पुढे केली, तर ताई चक्क हसल्या.

“तेव्हा वय काय तुझं?”

सतरा.

“मग झालंच की! अल्पवयीन मुलीची सही म्हणजे कायद्याला रद्दी. आईवडिलांची सही कुठाय? नाही. मेला हा कागद.”

दावा लावायचा. लावायचाच!

११ फेब्रुवारी, रविवार

राखीव आली होती. आमच्या संघाची दुसरी गोलकीपर. तीन वर्षं नुसती बाकावर बसली म्हणून हे नाव पडलं, ते आजतागायत. तिच्या नवऱ्याच्या फोनमध्येही ती ‘राखीव’च आहे.

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. सुट्टीचा दिवस मोडून आली, आमच्याकडून सह्या कशा घेतल्या ते प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. “सही मीपण केली होती गं. पण माझा फोटो कोण काढणार? बाकाचा?”

मग नेहमीचं – “त्या दिवशी तू तापाने फणफणली असतीस ना, तर मी उभी असते. आणि मी अडवला असता हं!” सतरा वर्षं हा एकच विनोद. मीही सतरा वर्षं हसते.

चपला घालता घालता म्हणाली, तुझ्या शाळेतल्या जागेसाठी मीपण अर्ज केला होता, माहितेय? खेळाडूंच्या कोट्यातून. खेळलेले सामने – शून्य. चौथ्या दिवशी अर्ज परत.

मला माहीत नव्हतं. कधी बोलली नाही. मी लगेच म्हटलं, सगळा दोष त्या संघटनेचा! ती म्हणाली, “जाऊ दे गं. तू चांगलीच होतीस. कसली उंच होतीस! आम्ही तुझ्यापुढे चिलटं.”

२० फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीचा माणूस थेट शाळेच्या मैदानावर! पॉलिश केलेले बूट, मातीत जपून पावलं टाकत.

“मॅडम, भांडून काय मिळणार? आपण दुसरी जाहिरात करू. आधी आणि नंतर. आधीचा फोटो आहेच. नंतरमध्ये तुम्ही हसताय. मोकळ्या.”

मोकळ्या!

मी त्याच्या कानाशी शिट्टी वाजवली. जीव खाऊन. डबक्यात पाय गेला त्याचा. मुलींनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी बोलावून समज दिली. दिली तर दिली!

१ मार्च, शुक्रवार

त्यांच्या वकिलाचं म्हणणं – बाई तेव्हा अल्पवयीन होत्या हे सिद्ध करा. ताई म्हणाल्या, शाळेचा दाखला आहेच, पण नगरपालिकेचा जन्मदाखला सोबत जोडला की त्यांची दातखीळ बसेल. २१ तारखेला सुनावणी. न्यायाधीश मलाही विचारतील. ताठ उभी राहा, म्हणाल्या.

जन्मदाखला घरात सापडेना. बाबांना फोन केला. “शाळेचा पुरे की! कशाला हेलपाटे घालतेस?” मी म्हटलं, बाबा, मला यांचं नाक जमिनीला घासायचंय, हेलपाट्यांचं काय घेऊन बसलात? फोनच ठेवला. म्हातारे झाले. आयुष्यभर शाळेत कारकुनी केली, आता कागद म्हटला की कंटाळा.

५ मार्च, मंगळवार

नीट लिहिते. जसं झालं तसं, क्रमाने.

जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी. आत एक बाई, स्वेटर घातलेली, शिंकत होती. मी जन्मतारीख सांगितली. त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली गेल्या. “नाही.” मी म्हटलं, नीट बघा. पुन्हा बोट फिरलं. “नाहीये हो.” मी आवाज चढवला. रांग ऐकत होती. सरकारी पगार घेता आणि एक नाव सापडत नाही तुम्हाला! असं बोलले मी. असंच.

बाईंनी नाक पुसलं आणि मागची पुढची रजिस्टरं काढून बसल्या. वीस मिनिटांनी मला आत बोलावलं. “वडिलांचं नाव हेच? आईचं? घर नंबर सत्तावीस?”

हो.

“मग ही बघा. कन्या. तारीख तीच, महिना तोच. साल दोन वर्षं आधीचं.”

मला वाटलं, माझ्याआधी एक बहीण झाली असेल, गेली असेल. घरात कुणी बोललं नसेल. त्या खिडकीपाशी उभ्या उभ्या मी त्या न बघितलेल्या बहिणीसाठी रडलेसुद्धा!

बाहेर येऊन आत्याला फोन केला. आई आता नाही, विचारणार कुणाला? आत्या म्हणाली, “बहीण? कुठली बहीण? तूच पहिली न् तूच शेवटची. काय झालंय गं?”

६ मार्च, बुधवार

बाबांकडे गेले. खिडकीपाशी पेपर वाचत होते. मी जन्मनोंदीचा उतारा पेपरावर ठेवला. त्यांनी वाचला, घडी घातली, परत माझ्या हातात दिला.

“सांधेताप आला होता तुला. पाचव्या वर्षी. दीड-दोन वर्षं अंथरुणात होतीस. पुढच्या वर्षाचं डॉक्टर काही सांगत नव्हते. तू उठून चालायला लागलीस तेव्हा आठवं लागायला आलं होतं. पहिलीत बसवायची तर पोरं घोडी म्हणाली असती.”

“म्हणून?”

“रजिस्टर माझ्याच हातात होतं. आजारात गेलेली दोन वर्षं तुझी तुला परत दिली. कुणाचं काय बिघडलं?”

कुणाचं काय बिघडलं! ओरडले मी. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतकी ओरडले. अठरा वर्षांखालच्या स्पर्धेत एकोणीस वर्षांची घोडी उभी होती बाबा! कसली उंच, कसली उंच, म्हणत होते सगळे – उंच नव्हते, मोठी होते! ते म्हणाले, “मला काय माहीत तू खेळणार आहेस? तू जगशील की नाही तेच माहीत नव्हतं.”

दार आपटून आले.

त्यांना जेवायला वाढायचं राहिलं. परत गेले, वाढलं. एकमेकांकडे बघितलं नाही.

७ मार्च, गुरुवार

शाळेत गेले नाही.

९ मार्च, शनिवार

ताईंना सांगितलं. पहिल्या वाक्यालाच त्यांनी हात वर केला – “थांब, पुढचं मला सांगू नकोस!” मी सांगून टाकलं.

बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसल्या. मग म्हणाल्या, “आता तो शाळेचा दाखला मी कोर्टात देऊ शकत नाही. खोटा आहे हे मला माहीत झालं. दावा मागे घे. मुकाट. कुणी काही विचारणार नाही. नोकरी राहील, पदकं राहतील.”

आणि बसवरचं तोंड?

“तेही राहील.”

आणि खरं सांगितलं तर?

“मग कायद्याने तू सज्ञान होतीस. सही तुझी. फसवून घेतली, चूर्णासाठी दिली नव्हती – एवढ्यावर भांडता येईल. लंगडत. पण तिकडे शाळा तुझी फाईल उघडेल. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी, खोट्या वयावरचे सामने. वेड्यासारखं करू नकोस गं.” पहिल्यांदाच इतक्या मऊ आवाजात बोलल्या. निघताना स्वतः चहा करून दिला.

नवरा म्हणतो, मागे घे. घराचे हप्ते आहेत. तुझा काय गुन्हा? तुला कुठे माहीत होतं?

खरंय. मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तिथेच तर घोडं अडलंय!

१४ मार्च, गुरुवार

राखीवचा फोन. रजा मंजूर झाली, २१ला येतेय, तीही पहिल्या रांगेत बसायला – “एकदा तरी बाकावर बसून जिंकू दे मला!”

मी म्हटलं, ऐक ना, एक सांगायचंय. तिकडे कुणीतरी नमुने घेऊन आलं. “नंतर बोल गं,” म्हणाली. ठेवला.

पुन्हा लावला नाही मी. रोज ठरवते. रोज लावत नाही. इतके दिवस जिच्यातिच्या अंगावर धावून गेले – कंपनी, संघटना, ते गणिताचे सर, ती सर्दी झालेली बाई! सगळ्यांना कागद दाखवत सुटले होते. आणि तिची जागा कुणी खाल्ली? संघटनेने? मी! तीन वर्षं! नकळत खाल्लं तरी पोटात गेलंच ना?

चीड येते. बाबांची येते, मग ते अंथरुणाशी बसलेले दिसतात आणि येत नाही. मग स्वतःची येते. ती जात नाही.

१९ मार्च, मंगळवार

ताईंना फोन केला. दावा मागे घेणार नाही. लंगडत तर लंगडत.

त्यांनी एवढंच विचारलं – “नवऱ्याला सांगितलंस?”

सांगितलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. परत आला, म्हणाला, हप्ते बघू.

राखीवला तीनदा फोन. उचलला नाही. कामात असेल.

२१ मार्च, गुरुवार

न्यायाधीशबाईंनी विचारलं, जन्मतारीख? मी सांगितली. खरी. सालासकट. त्यांच्या वकिलाने लिहिता लिहिता मान वर केली.

राखीव पहिल्या रांगेत होती. तिने बोटांवर सालं मोजायला सुरुवात केली. दोन बोटं मिटली, आणि थांबली.