धाकटीलाच विचारू

२ मे

पोचलो एकदाचे. एक बस, मग दुसरी बस, मग भावजींच्या टेम्पोत मागे, रोपांच्या ट्रेमध्ये पाय आखडून. थोरलीला वाटेत उलट्या. धाकटी मात्र ठणठणीत. टेम्पोतून उतरली ती थेट जाऊबाईंच्या कडेवर. पाच वर्षांची घोडी! घरी मी उचलायला गेले की म्हणते, "मी काय बाळ आहे?"

"मोठी आई" म्हणते त्यांना. नवऱ्यानेच वाटेत शिकवलं — काकू नाही म्हणायचं, मोठी आई म्हणायचं. मी म्हटलं, ठीक आहे, मग मी कोण, छोटी? हा हसला. पण जरा उशिराच हसला.

मागच्या खोलीला नवा रंग दिलाय, फिकट पिवळा. खिडकीला जाळी, भिंतीवर अगदी खाली लावलेला आरसा आणि एक छोटी खाट. एकच. मी म्हटलं, "ताई, मुली दोन आहेत." तर म्हणाल्या, "थोरली तुमच्याजवळ झोपेल ना." आणि चादर सारखी करत राहिल्या. ती सारखीच होती.

३ मे

आज रोपवाटिका. हिरव्या जाळीखाली उभं राहिलं की सगळ्यांची तोंडं आजारी दिसतात. भावजी माती चाळतात, जाऊबाई ट्रे भरतात. प्रत्येक खणात बोटाने खळगा करायचा, एक बी टाकायचं, वरून चिमूटभर माती. धाकटीचं बोट नेमकं मापाचं निघालं. "हिच्या बोटाला मोजायलाच नको," भावजी म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं. सकाळभर ती आणि जाऊबाई मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. थोरलीचे खळगे खोल जातात, बी वर येणार नाही म्हणे. ती रुसून पंपापाशी जाऊन बसली. मी गेले तिची समजूत काढायला.

हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलतच नाहीत. भांडण नाही हां, पद्धतच तशी. शेजारी उभे राहून पाण्याच्या नळीकडे बघतात. एक म्हणतो, "पाणी कमी येतंय." दुसरा म्हणतो, "हं." झाल्या गप्पा. पण भावजींनी स्वतःची शाळा सोडून याला शिकवलं, त्यामुळे आमच्या घरात त्यांच्याविषयी अक्षर काढायची सोय नाही. मला काढायचंही नसतं म्हणा. माणूस खरंच चांगला आहे.

४ मे

जेवताना धाकटी म्हणाली, "मोठी आई, पाणी." तांब्या माझ्यापुढे होता.

५ मे

रागात लिहितेय. अक्षर वाईट येणार. येऊ दे.

नवऱ्याच्या शाळेतल्या मित्राकडे गेलो होतो. सगळे त्याला ढब्बू म्हणतात, आहे काडीसारखा. मोठा गोठा आहे त्याचा. मुलींनी वासरांना बाटलीने दूध पाजलं. एका वासराने धाकटीच्या फ्रॉकची झालर चघळून चोथा केला, ती खिदळत होती, थोरली फोटो काढत होती. छान चाललं होतं. ढब्बूची बायको माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बरं झालं हो. आमचीही याच वर्षी शाळेत जाणार. दोघी बरोबर जातील-येतील."

"कोण दोघी?"

तिचं तोंड एवढंसं झालं. "तुमची धाकटी... म्हणजे हे म्हणत होते की ती आता इथेच..." आणि मग तिला एकदम चहाची आठवण झाली.

परत येताना मुलींना पुढे पिटाळलं आणि नवऱ्याला धरलं. आधी "कुठे काय", मग "अगं तसं काही नाही", मग सगळं बाहेर आलं. भावजी गेल्या वर्षीच्या तोट्याने खचलेत म्हणे. घर खायला उठतं म्हणाले. जाऊबाईंची तिन्ही बाळंतपणं वाया गेली, एकही मूल जगलं नाही, आता वय उलटून गेलं. मग भावजी म्हणाले, "तुझी धाकटी आमच्याकडे वाढली तर?" 

"आणि तू हो म्हणालास?"

"मी हो नाही म्हणालो."

"मग काय म्हणालास?"

"काहीच नाही म्हणालो."

म्हणजे हो! या घरात गप्प बसणं म्हणजे सही-शिक्का. वर मला समजावतो — आपण दोघं दिवसभर कामाला, मी चष्म्याच्या दुकानात, हा त्याच्या ऑफिसात, पोरगी शेजारणीच्या टीव्हीपुढे. इथे मोकळी हवा आहे. मायेची माणसं आहेत. यातलं एक वाक्य खोटं नाही, म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, तुला एवढी मोकळी हवा हवी असेल तर तू राहा.

पिवळी खोली. बुटका आरसा. मी बावळट, रंगाचं कौतुक केलं.

६ मे

प्रचार सुरू केलाय. लाज वाटते, पण केलाय.

सगळे टेकडीवर गेलो होतो. अर्ध्या वाटेत धाकटी म्हणाली पाय दुखतात. जाऊबाई वाकायच्या आत मी तिला पाठुंगळी घेतली. वर्षभरात घेतली नव्हती. चांगली वजनदार झालीय. वर जाईपर्यंत माझा जीव गळ्याशी आला, दोनदा पाय घसरला. जाऊबाई मागून म्हणाल्या, "दे इकडे, दमलीस."

"नको. माझी आहे ती."

असं म्हणायचं नव्हतं. "मला जमेल" म्हणायचं होतं. पण निघून गेलं तोंडातून. भावजी उगाच झाडाकडे बघायला लागले. वर पोचल्यावर जाऊबाईंनी सगळ्यांना शेंगा दिल्या, मलाही. सोलून दिल्या. मी त्या थोरलीला देऊन टाकल्या.

थोरली विचारत होती, "आई, तू आज एवढं गोड गोड का बोलतेस तिच्याशी? माझ्याशी नाही बोललीस." नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगणार? आणि एक गोष्ट बोचतेच आहे. हिला कुणीच मागितलं नाही. तिला कळलं तर वाईट वाटेल, की बरं वाटेल? ती पंपापाशी जाऊन बसते, ते काय फक्त खळग्यांमुळे?

७ मे

बाजार. मी धाकटीला लाल शिट्टी घेतली. भावजींनी करडू आणलं. जिवंत. पांढरं, एक कान काळा. शिट्टी विरुद्ध करडू — निकाल काय लागला ते लिहायला नको. करडू आता पिवळ्या खोलीच्या दाराशी बांधलंय.

शिट्टी थोरली वाजवतेय. सगळ्यांच्या कानाशी, मुद्दाम. वाजव म्हटलं.

८ मे

नवऱ्याला शेवटचं सांगितलं — आज बोल. तू बोलला नाहीस तर मी बोलेन, आणि मी बोलले तर तुम्हा भावांना एकमेकांचं तोंड बघायला नको होईल. गेला बिचारा. मी जाळीतून बघत होते. दोघे नळीशेजारी उभे. हा मान खाली घालून काहीतरी बोलला. भावजींनी नळीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग काही बोलले. मग दोघेही नळीकडे बघत राहिले.

परत आला तो असा सुटल्यासारखा. "ठरलं. धाकटीलाच विचारू. उद्या दुपारी, सगळ्यांसमोर. ती म्हणेल तसं."

मला आधी कळलंच नाही काय ऐकतेय ते. दोन घोडे! एकाला मागितलेलं परत घेववत नाही, दुसऱ्याला नाही म्हणवत नाही, म्हणून पाच वर्षांच्या पोरीला मध्ये उभी केली. जिला रोज सकाळी कुठला फ्रॉक घालायचा ते ठरवता येत नाही! मी म्हटलं, आणि ती राहते म्हणाली तर? हा म्हणाला, "लहान आहे गं, ती आईलाच धरणार." मी म्हटलं, दारात करडू बांधलंय, पाहिलंस का?

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. ती राहतेच म्हणेल. गेले सहा दिवस आहे तितकी आनंदात मी तिला कधी बघितलेली नाही. घरी कामावरून आले की मी काय बोलते तिच्याशी? जेव. हात धू. झोप. इथे दिवसभर कुणीतरी तिच्या बोटाचं कौतुक करतंय.

अंघोळ घालताना तिला पढवायचं अगदी ओठांवर आलं होतं. इथे साप असतात, सांगायचं. थोरली रडेल, सांगायचं. आई आजारी पडेल, सांगायचं. नाही सांगितलं. चांगुलपणाने नाही. ती पाणी उडवत होती आणि करडाचं नाव काय ठेवायचं विचारत होती, मला मध्ये शिरायला जागाच सापडली नाही.

९ मे

सकाळी नदीवर. आज तरी नको होतं, पण भावजींनी आधीच ठरवलेलं, आणि ठरलेलं मोडायचं कसं! पाणी गुडघाभर. मुली डुंबल्या. नवरा आणि भावजी खडकावर, मधे दोन हातांचं अंतर ठेवून. मी थोरलीचे केस पुसत होते आणि मान वळवून बघते तर जाऊबाई धाकटीला घेऊन लांब वाळूत बसलेल्या. तिची हनुवटी हातात धरून काहीतरी सांगत होत्या. धाकटी मान हलवत होती. मग पुन्हा सांगितलं. पुन्हा मान हलवली. मग तिने काहीतरी म्हणून दाखवलं, अगदी शाळेत कविता म्हणतात तसं.

पढवत होत्या! जे मी गिळून टाकलं ते या बाईने भर उजेडात केलं. अंगाचा तिळपापड झाला. धावत जाऊन पोरीला उचलून आणावंसं वाटलं. नाही गेले. परत येताना मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

दुपारी पानं वाढली. कुणी जेवेना. भावजींनी घसा खाकरला, नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने घसा खाकरला, भावजींकडे बघितलं. शेवटी भावजींनीच विचारलं, अगदी मऊ आवाजात, "बाळा, आम्ही विचार करत होतो. तू इथे राहशील का? मोठ्या आईजवळ? आई-बाबा येतील मधून मधून."

धाकटीने जाऊबाईंकडे बघितलं. मग ताटाकडे.

"नाही. मला इथे करमत नाही. मला माझ्या आईकडे जायचंय."

असं, एका दमात. भावजी म्हणाले, "बरं. बरं." आणि भात कालवत राहिले, कालवतच राहिले. जाऊबाई उठल्या. मीठ आणते म्हणाल्या. मीठ ताटात होतं. नवऱ्याचे डोळे भरले. माझेही, पण माझे आनंदाने, खोटं कशाला लिहू. थोरलीने टेबलाखालून — टेबल कुठलं, पाटाआडून — माझा हात दाबला. म्हणजे हिला सगळं माहीत होतं.

पढवून काही उपयोग झाला नाही हो, ताई. पोर शेवटी पोटची असते. हे मनात म्हटलं. मोठ्याने म्हणण्याइतकी नीच नाही.

१० मे

निघालो. भावजी टेम्पोतून सोडायला आले, करडूही बरोबर, निरोप द्यायला. जाऊबाई आल्या नाहीत. अंगणातच टाकी धूत उभ्या होत्या, पाठमोऱ्या. धाकटी "मोठी आई, टाटा" म्हणून दोनदा ओरडली. त्यांनी ओल्या हाताने नुसतं "जा" केलं. पोरीला साधं जवळही घेतलं नाही! एका 'नाही'चा एवढा राग, तोही लहान मुलावर? नवऱ्याला म्हटलं, बघितलंस माया? तो रस्त्याकडे बघत राहिला. नेहमीसारखाच.

१२ मे

घर. सकाळी धाकटीची वेणी घालत होते. म्हणाली, "आई, मी बरोबर म्हटलं ना?"

"काय गं?"

"'करमत नाही, माझ्या आईकडे जायचंय.' मोठ्या आईने नदीवर शिकवलं होतं. म्हणाली, काका विचारतील तेव्हा एवढंच म्हणायचं, माझ्याकडे बघायचं नाही. मी जरासं बघितलं."

माझा हात थांबला. विचारलं, "आणि तिने शिकवलं नसतं, तर तू काय म्हणणार होतीस?"

"राहते."

वेणी सुटली. पुन्हा घातली. त्यांना फोन अजून केलेला नाही.