हरवली म्हणून काढलेली वही

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी दोनदा वार विचारून खात्री केली.

१. दुकान, तिन्ही मशिने व मागची खोली थोरल्या मुलाला. मात्र धाकट्या मुलीने काढलेल्या कॉमिक्सवर दावा लावण्याची भाषा त्याने सोडावी. हिने घरची लक्तरे वेशीवर टांगली, असे तो म्हणतो. अरे, लक्तरे माझी. तक्रार असेल तर मी करीन.

२. मोठी कात्री धाकटीला. तिने चार पुस्तकांत आमचे घर मांडले: आईचे आजारपण, माझा अबोला, सगळे. मी समोर बसायला साफ नकार दिला, म्हणून आरशापुढे स्वतः कात्री धरून तिने माझे हात काढले. त्यामुळे पुस्तकांत मी डावखुरा आहे, आणि गिऱ्हाइके त्यावरून अजून माझी फिरकी घेतात. पण कापताना अंगठा जरा वर ठेवायची माझी लकब तिने अचूक पकडली आहे. उभ्या जन्मात माझ्याकडे इतके नीट कोणी पाहिले नाही. पोरीचा मला फार अभिमान वाटतो. हे तिला तोंडाने कधी सांगितले नाही, ही माझी खोड.

३. पहिल्या पुस्तकात, ती चौदा वर्षांची असताना तिची चित्रांची वही बसमध्ये हरवली, असे आहे. ते खोटे आहे. त्या वहीत मी तिच्या आईवर ओरडत होतो. मी ती इस्त्रीच्या शेगडीत घातली. धाकटी दारातच उभी होती. पुढे तिने स्वतःला वेंधळी काढले आणि मला वाचवले. स्वतःची एकही गोष्ट न लपवणाऱ्या पोरीने एवढी एकच थाप मारली, तीही माझ्यासाठी. पुढच्या आवृत्तीत तिने बसच्या जागी शेगडीचे चित्र काढावे. माझी परवानगी आहे. थोरल्याने मध्ये पडू नये.

४. जिला वाटा मिळतो तिला साक्षीदार होता येत नाही, म्हणून धाकटी बाहेर बाकावर बसली आहे. शेजारचा बटणवाला म्हणतो, "मेल्यावर कळेलच की. आता कशाला खपली काढतोस?" मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, हे मला ठाऊक आहे. तरी तिसरे कलम आजच लागू धरावे. सह्या झाल्या की तिला आत बोलवा. ते मीच वाचून दाखवीन.

सही: शिंपी, दोघांचा बाप
साक्षीदार: १. बटणवाला २. डॉक्टरीणबाई
ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: अकरा, बुधवार